आजोबांची गाडी रस्त्यावर यायला किती वेळ लागला

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, जुनी गाडी घरच्या घरी दुरुस्त करायला किती दिवस लागतात?" आजोबा मागून ओरडले, "फार नाही, वर्षभर!" त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. माझ्याकडे वही आहे. गाडी ट्रकवरून आमच्या गिरावीन उपनगरातल्या घराच्या दारात उतरली त्या दिवसापासून ती स्वतःच्या इंजिनावर दाराबाहेर पडली त्या दिवसापर्यंत तीन वर्षं, दोन महिने आणि नऊ दिवस लागले. त्यातले सात महिने माझ्यामुळे गेले. हे आजोबा तुम्हाला कधीच सांगणार नाहीत, म्हणून मीच लिहिते.

गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. इंग्लंडमध्ये बनलेली, गोल पाठीची, फुगीर गालांची. भारतात पूर्वी टॅक्सीवाल्यांपासून मंत्र्यांपर्यंत सगळे ज्या गाडीतून फिरायचे, तिची थोरली बहीण म्हणा. पुण्यात आजोबांच्या शेजारच्या डॉक्टरांकडे अशीच एक होती. आजोबा शाळेतून येताना तिच्या काचेला नाक लावून आतलं स्टिअरिंग बघायचे. आत बसायला त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. साठ वर्षांनी, इथल्या एका शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांना तिची जोडीदारीण सापडली. मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार थाटलेला, फरशीचा पत्रा इतका गंजलेला की त्यातून खालची माती दिसायची. तुमचा मामा तिला बघून म्हणाला, "बाबा, गॅरेजमध्ये माझी गाडी लावायची ठरली होती ना?"

"वर्षभर बाहेर लाव," आजोबा म्हणाले. "मग मी हिला रस्त्यावर काढतो. आणि पहिल्यांदा मीच चालवणार."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. सगळी धडपड त्याच्यासाठीच झाली.

इथे पंचाहत्तरी झाली की लायसन्ससाठी दरवर्षी डॉक्टरांकडून फॉर्म भरून आणावा लागतो. आजोबांची पंचाहत्तरी गाडी आली त्याच वर्षी नोव्हेंबरात झाली. पहिला फॉर्म पाच मिनिटांत सही होऊन आला, त्यामुळे आम्हाला घाई अशी नव्हतीच. आजोबा रोज सकाळी नाश्ता करून गॅरेजमध्ये जायचे आणि गाडीतून काहीतरी सोडवून काढायचे. काढलेली प्रत्येक वस्तू जमिनीवर वर्तमानपत्रावर ठेवायचे, तेलकट, काळी, जशीच्या तशी. मे महिन्यापर्यंत गॅरेजची सगळी जमीन भरली. मला तिथून फ्रीजरपर्यंत जाता येईना. मी विचारलं, "अहो, हा पसारा आवरायचा कधी?"

"तो पसारा नाही. कुठलं काय कुठून निघालं ते मला ठाऊक आहे."

त्याच महिन्यात आजोबा चार दिवसांसाठी मेलबर्नला गेले. तिथल्या क्लेटन भागात त्यांच्या भावाच्या नातीचा पदवीदान समारंभ होता. मी गुडघ्याचं निमित्त करून घरी राहिले. खरं कारण वेगळं होतं. मला त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

तो मी दिला. चारही दिवस मी हातमोजे घालून रॉकेलच्या बादलीत एकेक भाग धुतला, जुन्या सुती चादरींवर वाळवला, आणि मग आपण डाळी-मसाले लावतो तसा लावला. लोणच्याच्या, जॅमच्या, कॉफीच्या, मिळतील त्या सगळ्या बरण्या काढल्या. बोल्ट मोठे, बोल्ट मध्यम, बोल्ट बारीक. वॉशर पातळ, वॉशर जाड. स्प्रिंगा. प्रत्येक बरणीवर माझ्या चांगल्या अक्षरात चिठ्ठी. फळीवर एकेचाळीस बरण्या उंचीप्रमाणे उभ्या केल्या. वर्तमानपत्रं रद्दीत टाकली. जमीन फिनेलने पुसली. इतकं सुंदर गॅरेज आमच्या गल्लीत दुसरं नव्हतं.

आजोबा परत आले आणि दारातच थांबले. फळीवरच्या बरण्या पहिलीपासून शेवटच्या बरणीपर्यंत बघितल्या. मग म्हणाले, "छान केलंस गं," आणि बादली उलटी करून तिच्यावर बसले.

मला कळेना. कळलं ते आमच्या समोर राहणाऱ्या गृहस्थांकडून. ते इथलेच, जन्मभर मेकॅनिक होते, आणि आजोबांना मदत करायला रोज चहाच्या वेळी हमखास हजर व्हायचे. त्यांनी फळीकडे पाहिलं आणि पोट धरून हसले. इंग्रजीत म्हणाले, "मेट, तुझ्या बायकोने गाडीचं गोळ्या-बिस्किटांचं दुकान केलं की रे!" मग माझा चेहरा बघून गंभीर झाले आणि समजावून सांगू लागले. इंजिनात हवा आणि पेट्रोल आत-बाहेर सोडणारे आठ वॉल्व्ह असतात. दिसायला जवळपास सारखे, पण प्रत्येक जण सत्तर वर्षं आपापल्या जागी घासून त्या जागेपुरता झालेला. तो दुसरीकडे बसवला तर गळतो. बोल्टांचंही तेच. दिसायला सारखे, लांबीत दोन सुतांचा फरक. "कुठून काय निघालं, हे त्या घाणेरड्या कागदांवर लिहिलेलं होतं, लव्ह," ते म्हणाले. म्हणजे कुणी लिहिलं नव्हतं. ती जागाच सांगत होती.

जन्मभर नीटनेटकेपणाबद्दल शाबासकी मिळवलेल्या बाईला हे ऐकायला कसं वाटलं असेल, ते तुमच्या आईला विचारा. तिची खेळणी मी अशीच लावायची.

दोन दिवस मी रडले नाही, पण गॅरेजमध्येही गेले नाही. तिसऱ्या दिवशी समोरच्या गृहस्थांकडून त्या गाडीचं मूळ इंग्रजी पुस्तक मागून आणलं. जाडजूड, तेलाच्या बोटांचे ठसे असलेलं, बारीक टाइपाचं. मिशनच्या शाळेत नन्सनी मला इंग्रजी वाक्याची चिरफाड करायला शिकवलं होतं. ते शिक्षण कुठे कामाला येईल याची त्यांना कल्पना नसणार. मी पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. प्रत्येक आकृतीतल्या प्रत्येक बोल्टाला नंबर दिला, फूटपट्टीने बरण्यांमधला एकेक बोल्ट मोजला आणि त्याचं घर शोधलं. याला सात महिने लागले. आजोबा पत्रे जोडत होते आणि मी बाजूला घडीच्या टेबलाशी बसून मोजत होते. एकदाही त्यांनी मला टोमणा मारला नाही. त्याचा त्रास जास्त झाला.

वॉल्व्हना मात्र घर सापडणार नाही, हे सप्टेंबरातच कळलं. समोरचे गृहस्थ म्हणाले, "मग आठही नव्याने घासून बसवायचे." त्यासाठी एक लाकडी दांडी असते, टोकाला रबराची वाटी. ती वॉल्व्हला चिकटवायची, खाली खरखरीत पेस्ट लावायची आणि दांडी दोन्ही तळहातांमध्ये धरून इकडून तिकडे फिरवायची. आजोबांनी सुरुवात केली. दहा मिनिटांत त्यांचे खांदे भरून आले, आणि वॉल्व्हच्या कडेला जे राखाडी कडं उमटायला हवं ते उमटलंय की नाही, हेच त्यांना दिसेना.

"द्या इकडे," मी म्हटलं.

मी दांडी तळहातांत धरली आणि माझे हात आपसूक चालू लागले. अरे, ही तर रवी होती! लहानपणी आईकडे, मग सासरी, मग इथे मिक्सर असूनसुद्धा, मी जन्मभर ताक केलेलं आहे. न थांबता, न दाबता, एका लयीत. मधून मधून उचलून बघायचं, थोडं फिरवून पुन्हा. पहिल्या वॉल्व्हवर अखंड, बारीक, एकसारखं कडं उमटलं. समोरच्या गृहस्थांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला.

"हे आधी कुठे केलं होतंस?"

"स्वयंपाकघरात."

आठही वॉल्व्ह मी बसवले. त्यांनी त्यावर पेट्रोल ओतून पाहिलं. एक थेंब खाली गेला नाही. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा, बायकांना म्हणतात त्या 'लव्ह'च्या ऐवजी, कामाच्या सोबत्याला म्हणतात तसं 'मेट' म्हटलं.

पण ते राखाडी कडं आजोबांना दिसलं नाही, हे माझ्या मनातून जाईना. नोव्हेंबरात दुसऱ्या फॉर्मच्या वेळी मी ते डॉक्टरांना सांगितलं. तपासणी झाली. उजव्या डोळ्याचा पडदा आतून खराब होत होता. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन सुरू झालं. लायसन्स राहिलं, पण फक्त दिवसाउजेडी चालवण्यापुरतं. त्याच्या पुढच्या नोव्हेंबरात डॉक्टरबाईंनी सही केली आणि पेन खाली ठेवून म्हणाल्या, "यंदा करते आहे. पुढच्या वर्षी करू शकेन असं वाटत नाही."

पार्किंगमध्ये आल्यावर आजोबा म्हणाले, "बारा महिने आहेत."

माझे सात महिने मला तेव्हा समोर दिसत होते.

त्यानंतर आमचं घर कारखाना झालं. बारीक काम सगळं माझ्याकडे आलं. वायरिंग मी केलं, आकृतीवर रंगीत पेन्सिलींनी खुणा करून. सीटची कव्हरं माझ्या शिवणाच्या मशीनवर शिवली, तीन सुया मोडल्या. आजोबा हाताने जे कळतं ते करायचे. पत्र्याला कुठे उंचवटा राहिला आहे, ते डोळे मिटून तळहात फिरवून सांगायचे, आणि ते कधी चुकले नाहीत. जुलैत इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. आधी खोकलं, काळा धूर सोडला, आणि मग असं गुरगुरू लागलं की मामा त्याची ऑफिसची मीटिंग सोडून हेडफोन गळ्यात घेऊन धावत आला. "व्हॉट द...", त्याने पुढचे शब्द मला बघून गिळले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी ट्रकवर चढवून, रस्त्यावर काढायच्या परवानगीसाठी सरकारी तपासणीला नेली. नापास! ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढायची. नोव्हेंबर चार आठवड्यांवर आला होता. घरी येऊन चारही चाकं उघडली. पुढच्या दोन चाकांमधल्या स्प्रिंगांची अदलाबदल झालेली निघाली. 'स्प्रिंगा' नावाच्या बरणीतली माझीच करामत. मी फूटपट्टी आणली, पुस्तक उघडलं, आणि त्या या वेळी मी स्वतः बसवल्या. दहा दिवसांनी दुसरी तपासणी. तपासनीस खाली वाकून बराच वेळ बघत राहिला, मग उठून हात पुसत म्हणाला, "नो वरीज." म्हणजे पास! इतके गोड शब्द मी इंग्रजीत ऐकलेले नाहीत.

शनिवारी सकाळी, लख्ख उजेडात, आजोबा आत बसले. मी शेजारी. समोरचे गृहस्थ रस्त्याच्या मधोमध उभे राहून, येणाऱ्या गाड्या हाताने थांबवत होते, जसा काही पंतप्रधानांचा ताफा निघाला आहे. मामा आमचा व्हिडिओ काढत मागे मागे पळत होता.

आजोबांनी गाडी रस्त्यावर काढली. गिअर बदलला, आवाजही झाला नाही. जवळच्या पॅरामॅटा शहराच्या दिशेला लागलो. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले होते. त्यांना नीट दिसतंय ना, हेच मी बघते आहे, हे त्यांना न बघताच कळलं. पहिल्या सिग्नलला ते शाळेतल्या मुलासारखे पुढच्या गाडीचा नंबर मोठ्याने वाचू लागले. बरोबर होता. मग त्याच्या पुढच्या गाडीचा. मग बसचा. मग लांबच्या एका व्हॅनचा.

"चूक," मी म्हटलं. "शेवटी आठ आहे."

"तीन आहे."

"अहो, आठ आहे!"

सिग्नल सुटला, आम्ही व्हॅनच्या जवळ गेलो. तीनच होता. मी मुकाट्याने पर्समधून माझा चष्मा काढून घातला. आजोबा इतके जोरात हसले की शेजारच्या गाडीतली मुलगी काच खाली करून बघायला लागली. तिला त्यांनी राजासारखा हात केला.

पॅरामॅटाला नदीकाठी जाऊन आम्ही परत फिरलो. अर्धा तास झाला होता, आणि आता घरी जायचं असं ठरलं होतं. आमच्या गल्लीचं वळण आलं. आजोबा सरळ पुढे गेले.

"अहो, वळण गेलं!"

"दिसलं मला," ते म्हणाले, आणि गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली.