तंतोतंत रिकामी बाटली

थेंबमास्तर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. मुलांच्या इस्पितळात औषधाच्या खिडकीमागे तीस वर्षं काढलेल्या त्या कंपाउंडरला सगळे चेष्टेनं तसं म्हणत, आणि हा शहाणा ते बिरुद समजून मिरवायचा.

गेल्या वर्षी तिथे एक संशोधन सुरू झालं. स्वमग्न मुलांचं डोकं आपटणं, हात चावणं कमी होतं का, हे पाहण्यासाठी त्यांना भांगेच्या झाडातून काढलेलं, नशा न आणणारं तेल द्यायचं. निम्म्या मुलांना ते, निम्म्यांना नुसतंच साधं तेल. बाटलीवर फक्त क्रमांक. आत काय आहे ते ना आईबापांना ठाऊक, ना संशोधन चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना, ना थेंबमास्तरला. त्याचं काम एवढंच, की महिन्यानं परत आलेल्या बाटलीतलं उरलेलं तेल काचेच्या नळीत ओतून मोजायचं, वहीत मांडायचं आणि पुढे शेरा लिहायचा.

या कामानं गडी पार चढून गेला. आईबाप एकजात लबाड हे त्याचं मत जुनंच, आता हाती पुरावा आला. बाटली भरलेली आली तर आई आळशी. उरलेलं तेल अगदी हिशेबाच्या रेघेवर आलं तर त्याहून वाईट. "मूल थुंकतं, चमचा हिंदकळतो, थोडं इकडंतिकडं होणारच," तो नाकानं कांदे सोलत सांगायचा. "तंतोतंत माप जुळलं, की समजावं तेल बेसिनात गेलं." मग सुरेख अक्षरात शेरा पडायचा, 'बनाव'. डॉक्टरीणबाई खाली सही करायच्या आणि ते मूल संशोधनाबाहेर. अशी सात मुलं त्यानं बाहेर घालवली आणि रात्री जेवताना त्यांच्या आयांची यथेच्छ टवाळी केली.

मग त्यानं आपली नातही त्या संशोधनात घातली. पोर सहा वर्षांची, बोलत नसे, भिंतीवर कपाळ आपटून घ्यायची. शिवणकाम करणारी त्याची मुलगी पोरीला घेऊन त्याच्याकडेच राहायची. ती कचरत होती, पण बापानं तिला भित्री ठरवून गप्प केलं. महिनाभरात पोरीच्या कपाळावरची जखम भरत आली. आपली नात कशी शांत झाली ते त्यानं अख्ख्या इस्पितळाला ऐकवलं.

तिसरी बाटली परत आली. त्यानं नळीत ओतली. तेल बरोबर रेघेवर. पुन्हा ओतलं, पुन्हा रेघेवर.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे जगाला लागू तसं त्यालाही लागू. दोन मिली कमी लिहावेत, असं त्याच्या मनात आलंच. खरं लिहिलं तर पोर बाहेर, आणि तिला खरं तेल मिळत असेल तर तेही बंद. त्यानं काहीच न लिहिता वही मिटली आणि तडक घर गाठलं.

"कधीपासून ओततेस?" त्यानं मुलीला विचारलं.

ती मशीनवरून उठली नाही. "महिना झाला."

"का?"

"तिचं गुणगुणणं बंद झालं होतं. भूक गेली होती. डोकं आपटायची नाही हे खरं, पण दिवसभर नुसती बसून असायची. बंद केलं आणि दहा दिवसांत सूर परत आला."

पोर खिडकीशी बसून एकाच सुरात गुणगुणत होती. तो सूर मधे गेला होता आणि परत आला, हे एकाच घरात राहून थेंबमास्तरच्या गावीही नव्हतं.

"अगं, मग सांगायचं ना! हे कळावं म्हणून तर सगळा खटाटोप."

"कुणाला सांगू? डॉक्टरीणबाईंच्या आधी तुमची खिडकी लागते. त्या बायांना तुम्ही काय काय बोलता, ते रोज जेवताना ऐकते मी. त्यांच्यात माझी भर नको होती."

"निदान मला तरी सांगायचंस."

"तुम्ही कधी विचारलंत?" ती म्हणाली. "तुम्ही फक्त मोजता, बाबा." आणि तिनं मशीन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं खरा आकडा लिहिला. शेऱ्यात लिहिलं, 'गुणगुणणं थांबलं, भूक गेली, म्हणून आईनं औषध बंद केलं. भीतीनं सांगितलं नाही.' कुणाची भीती, तेवढं मात्र लिहायचं राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचलं. "हेच तर आपल्याला हवं असतं," त्या म्हणाल्या. मग एवढे दिवस डोळे झाकून सह्या करणाऱ्या त्या बाईंना एकदाची शंका आली. "त्या सात जणींनी का ओतलं होतं?"

थेंबमास्तरनं मागची पानं उलटली. सातही ठिकाणी त्याच सुरेख अक्षरात तो एकच शब्द होता.

"विचारलं नाही," तो म्हणाला.