पिशव्या बाहेर असताना

माझा भाऊ एमरी डेलफॉस फेब्रुवारीत गेला, आणि गावात अजून त्याची एकच गोष्ट सांगतात. ती खोटी आहे. खरी मी सांगते, कारण ती मलाच माहीत आहे, असं मी बारा वर्षं धरून चालले होते.

एमरी मुळातच संथ. उकडलेलं अंडं सोलायला त्याला पाच मिनिटं लागायची. लग्न एकोणपन्नासाव्या वर्षी केलं, तेही बिचाऱ्या वर्नाने विचारलं म्हणून. मी त्याच्या अगदी उलट. आई म्हणायची, अर्डिस सात महिन्यांची जन्मली, कारण तिला थांबायला वेळ नव्हता. लहानपणापासून मी त्याला गोगलगाय म्हणत आले आणि तो कधी चिडला नाही, याचाच मला जास्त राग यायचा.

एकवीस वर्षं त्याने दारांच्या कारखान्यात काढली. मग जुनी अठ्ठावीस फुटी बोट घेतली आणि शिकागोकडच्या हौशी लोकांना मिशिगन सरोवरावर मासेमारीला नेऊ लागला. बोट दणकट होती, पण तिला हळू चालता येत नव्हतं. इंजिन कितीही खाली आणलं तरी ती ताशी साडेतीन मैल धावायची. मे महिन्यात पाणी बर्फासारखं असतं, मासा सुस्त असतो. चालत्या बोटीमागून गळ ओढत न्यायचा तर दीड-पावणेदोन मैलांच्या वर जाऊन उपयोग नाही. ट्राउट बघतही नाही.

बोट हळू करायला बाकीचे लोक मागे बादल्या बांधायचे. एमरीने वर्नाच्या शिवणयंत्रावर ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवल्या, तोंड रुंद, बुडाशी मुठीएवढं भोक. बोटीच्या दोन्ही कडांना एकेक आखूड दोराने बांधून पाण्यात सोडली की पिशवी भरायची आणि बोटीला मागे धरून ठेवायची. पाण्यात खोल सोडलेल्या शिशाच्या गोळ्याची तार किती तिरपी झाली, हे तो अंगठा धरून बघायचा आणि म्हणायचा, "एक पूर्णांक सात." यंत्र लावून बघितलं तरी तेवढंच निघायचं. धक्क्यावरचे लोक हसायचे, पण मासे त्यालाच जास्त मिळायचे. तेव्हा हसूनहसून किती हसणार?

बोटीवर त्याचा एकच नियम होता. थ्रॉटलला, म्हणजे वेगाच्या दांड्याला, हात लावण्याआधी मोठ्याने विचारायचं, "पिशव्या?" दुसऱ्याने बघून सांगायचं, "आत." 'आत' ऐकल्याशिवाय वेग वाढवायचा नाही. पाद्र्यालाही त्याने हे विचारायला लावलं होतं. कारण पिशव्या बाहेर असताना बोट उसळली, तर पिशवी मागे फेकली जाते, पोटाखाली जाते आणि दोर इंजिनाच्या पंख्यात अडकतो. मग इंजिनाची बोंब.

बारा वर्षांपूर्वी, मेच्या बारा तारखेला गिऱ्हाइकं नव्हती. हंगामाआधी एकदा सगळं तपासून बघू म्हणून आम्ही तिघंच निघालो: एमरी, मी आणि माझा नवरा रोलिन. सकाळचे नऊ, किनारा चार मैल मागे. वारा जमिनीकडून, आमच्या पाठीवर, आणि चढत चाललेला. लाटा वाढल्या तसे एमरीने दोन्ही पिशव्यांचे दोर हातभर सैल सोडले, म्हणजे पिशव्या पाण्याबाहेर उडणार नाहीत.

रोलिनला मी म्हटलं, "लाइफ जॅकेट घाल."

"त्यात मी भोपळ्यासारखा दिसतो," तो म्हणाला.

"त्याशिवाय कसा दिसतोस, वाटतं तुला?"

तो हसला आणि मागे गेला. दोन गळांची तंगुसं, म्हणजे नायलॉनचे दोरे, एकमेकांत गुंतली होती, ती सोडवायला तो कडेवर ओणवा झाला. मागून एक लाट आली, बोटीची शेपटी उचलली गेली, आणि मला नुसते त्याचे बूट दिसले. ओरडायलाही त्याला सवड झाली नाही.

पाणी चार अंश होतं. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की अशा पाण्यात बोटं दहा मिनिटं चालतात, मग मनात असून मूठ वळत नाही.

एमरी उजव्या कडेला गळाची काठी धरून उभा होता. मी सुकाणूपाशी. तो वळला आणि म्हणाला, "पिशव्या—"

मला विचारायचं नव्हतं. माझा नवरा पाण्यात होता आणि या माणसाला पिशव्या सुचत होत्या! मी सुकाणू डावीकडे पूर्ण फिरवलं आणि थ्रॉटल पुढे ढकलला.

बोट उसळली. खालून धप्प आवाज आला, पायांखालची फळी थरथरली आणि इंजिन बंद पडलं. डाव्या बाजूचा दोर तर दिसेनासाच झाला होता. मी किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. काही नाही. वारा तेवढा ऐकू येत होता, आणि त्या वाऱ्याने आमची उंच बोट रोलिनपासून लांब ढकलायला सुरुवात केली. चाळीस पावलांवर त्याचं डोकं दिसत होतं. मग पंचेचाळीस.

"एमरी, काहीतरी कर! अरे, काहीतरी कर ना!"

त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने रेडिओवर दोन वाक्यं सांगितली. पलीकडून उत्तर आलं, पंचवीस मिनिटं. मग त्याने उजवी पिशवी कडेवरून सोडवली, तिचा दोर हातात धरून कडेकडेने पुढे चालत गेला आणि नाकाशी बांधला. चालत! मी मागून किंचाळत होते, "पळ ना मेल्या!" तो पळाला नाही. घसरला असता तर पाण्यात दोघं झाले असते, हे आज कळतं. तेव्हा मला त्याचा गळा धरावासा वाटत होता.

पिशवी भरली. बोटीचं नाक हळूहळू वाऱ्याकडे फिरलं, आणि आमचं वाहत जाणं एकदम मंदावलं. पन्नास पावलं होती, ती पन्नासच्या जवळपास राहिली.

"उजवी काठी घे," तो म्हणाला. "रीळ मोकळं सोड. पूर्ण."

त्या काठीच्या तंगुसावर नारिंगी फळी होती, वीतभर लांब. गळ बोटीपासून बाजूला राहावा म्हणून ती लावतात. मी रीळ सोडलं. बोट मागे सरकली तसं तंगूस सुटत गेलं आणि फळी होती तिथेच राहिली, रोलिनपासून चार-पाच हातांवर.

एमरीने तोंडाशी हात धरले. "रोलिन! फळी! तंगूस दंडाला गुंडाळ! बोटांनी धरू नकोस, दंडाला!"

रोलिनने चार हात मारले. पाचवा मारताना तो खाली गेला. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, त्यातलं निम्मं मी पाळलेलं नाही. तो वर आला. नारिंगी फळी त्याच्या काखेत होती आणि हात गोल गोल फिरत होता.

"आता रीळ गुंडाळ," एमरी मला म्हणाला. "हळू."

"तू घे, एमरी. मला नाही जमणार. मी तोडेन!"

"मला नाकाशी राहायला हवं. ती पिशवी सुटली तर बोट पळेल आणि तंगूस तुटेल. तूच."

वीस पौंडाचं तंगूस आणि दोनशे वीस पौंडाचा नवरा. मी रिळाची मूठ फिरवायला लागले आणि काठी कमानीसारखी वाकली. जन्मात मी कुठली गोष्ट हळू केली नव्हती. हात आपोआप जोरात फिरत होता, तंगूस ताणून किरकिरत होतं.

"दे," एमरी पुढून म्हणाला. "लाट चढली की दे. उतरली की घे. ओढू नकोस गं, येऊ दे त्याला."

द्यायचं म्हणजे काय, कळतं का? नवऱ्याला परत लांब सोडायचं. स्वतःच्या हाताने. लाट चढली, मी दिलं. लाट उतरली, मी घेतलं. रोलिनचा चेहरा दिसायला लागला, मेणासारखा, डोळे उघडे आणि आमच्याकडे लागलेले. मध्येच त्याचं डोकं एका बाजूला कललं. मी ओरडले, "रोलिन, झोपलास तर याद राख!" त्याचे ओठ हलले. नंतर म्हणाला, शिवी देत होतो.

नऊ मिनिटं लागली. एमरीने पुढचा दोर पक्का केला, मागे आला, रोलिनच्या काखेतून फास घातला आणि लाटेने उचलल्याबरोबर आम्ही दोघांनी त्याला आत घेतलं. गळाचे तीन काटे त्याच्या मांडीत रुतले होते, त्याला पत्ताही नव्हता.

बचावाच्या बोटीने आम्हाला ओढून आणलं. रोलिनला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी बोट वर काढली तेव्हा पंख्याभोवती दोराचा गठ्ठा आणि ताडपत्रीच्या चिंध्या, सगळ्या धक्क्याने बघितलं. मीही तिथेच होते.

"पिशव्या बाहेर असताना थ्रॉटल कोणी ढकलला?" कोणीतरी विचारलं.

मी चिंध्या गोळा करायला वाकले.

"मी," एमरी म्हणाला. "घाबरलो. माझाच हात गेला."

मग एकाला हसू आलं, आणि झालं! त्या दिवसापासून ती गोष्ट गावाची झाली: एमरीला जन्मात एकदाच घाई झाली, तीही मेहुण्याला बुडवायची. दर शुक्रवारी तळलेल्या माशांबरोबर ही गोष्ट वाढली जायची, आणि सगळ्यात रंगवून सांगायचा तो रोलिन. दोन जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्या बोटीकडे गेली. पुढच्या वसंतात एका पोराने एमरीच्या तोंडावर विचारलं, "पिशव्या?" आणि सगळे खदाखदा हसले. मी ताटात बघत बसले.

एकदा शेडमध्ये मी त्याला गाठलं. "मी सांगून टाकते."

"कशाला?" तो नवी पिशवी शिवत होता. "रोलिन जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग राहू दे."

मी राहू दिलं. सोपं होतं, म्हणून राहू दिलं.

फेब्रुवारीत चर्चच्या तळघरात त्याच्या नावाचं जेवण होतं. मोठ्या हंड्यात बूया, म्हणजे कोंबडी-भाज्यांचा दाट रस्सा, शिजवलेला, दीडशे माणसं. रोलिन ग्लास घेऊन उभा राहिला आणि लोक आधीच हसायला लागले. "एमरीला जन्मात एकदाच घाई झाली," त्याने सुरुवात केली. पलीकडे वर्ना मान खाली घालून बसली होती. माझ्याच्याने राहवलं नाही.

"हात माझा होता," मी म्हटलं. "थ्रॉटल मी ढकलला. एमरी 'पिशव्या' म्हणत होता."

रोलिनने ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. चकित झालेला माणूस असं बघत नाही.

"अर्डिस," तो हळूच म्हणाला, "मी पाण्यात होतो. आंधळा नव्हतो. बोटीकडेच बघत होतो, दुसरीकडे बघण्यासारखं होतंच काय?"

"तुला माहीत होतं? मग बारा वर्षं ते काय चाललं होतं तुझं?"

"तो दवाखान्यात आला होता, पहिल्याच रात्री. म्हणाला, तू सांगत राहा, जितक्या वेळा सांगशील तितकं ते माझ्या नावावर पक्कं होईल. तिच्याकडे कोणी बघणार नाही."

मी दीडशे माणसांसमोर त्याला वाट्टेल ते बोलले. मेल्यांनो, मला विचारायचं तरी, म्हटलं. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं असतं मी!

पण ते काही खरं नाही. विचारलं असतं तरी मी गप्पच बसले असते, आणि ते त्या दोघांनाही माहीत होतं.