बघायला आले आणि पित्त उठलं

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि लग्नाच्या बाजारात माझा भाव वधारला, असं आईचं मत होतं. विदर्भातल्या ज्या नातेवाइकांना आजवर रायपूर म्हणजे गाडीत झोपेत निघून जाणारं स्टेशन होतं, त्यांना एकाएकी राजधानीत नोकरी करणारी सून हवीशी वाटू लागली. मी नव्या सरकारच्या एका कार्यालयात टायपिंग करायचे. आमच्या खुर्च्या अजून भोपाळहून यायच्या होत्या, पण राजधानी ती राजधानी.

मे महिन्यातल्या एका रविवारी अमरावतीची मंडळी मला बघायला चौबे कॉलनीत आमच्या घरी येणार होती. आदल्या दिवशी माझी दाढ ठणकायला लागली. मामा औषधाच्या दुकानाशेजारी राहत आणि एवढ्या शिक्षणावर ते आमच्या घरचे डॉक्टर होते. त्यांनी खिशातून एक गोळी काढून दिली, रविवारी सकाळी आणखी एक. दाढ गप्प झाली. थोड्याच वेळात पोटाला खाज सुटली, मग मांड्यांवर, दंडांवर लाल, फुगीर गांधी उठल्या. एक बसली की दुसरीकडे दोन उठत. बोटाने दाबलं की पांढऱ्या पडत.

आईने बघताच पित्त म्हणून ओळखलं, आणि ते बरोबर होतं. पुढचं सगळं काकूने हाती घेतलं. आधी आमसुलाचं पाणी चोळलं, वर गेरू फासला आणि मला घोंगडीत गुंडाळून बसवलं. रायपूरच्या उन्हाळ्यात. उबेने गांधी आणखी फुलल्या, तशी तिने दुसरी घोंगडी आणली. शेजारच्या दीदींनी मिरच्या ओवाळल्या. मामांनी वांग्यावर आळ घेतला. वांगं मी खाल्लंच नव्हतं, पण मामांचं वांग्याशी जुनं वैर होतं. मी गोळीचं नाव काढलं तेव्हा ते समजुतीने म्हणाले, "गोळी दुखणं बसवते बाई, उठवत नाही."

मंडळी गाडीत बसून निघालेली होती, त्यामुळे कार्यक्रम रद्द करण्याइतकी मी आजारी नव्हते. गेरू धुऊन, लांब बाह्यांचं ब्लाउज घालून, मानेवर पावडर थापून मला पोह्यांसकट बाहेर पाठवलं. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या आली होती. आत्याने माझी मान निरखून हे काय आहे म्हणून विचारलं. आईने घामोळ्या सांगितल्या. मुलाने माझे छंद विचारले. मी उत्तर द्यायला लागले आणि माझेच शब्द मला जाडजूड ऐकू आले. वरचा ओठ सुजत होता. आत्याने खुर्ची मागे सरकवली, पोह्यांची बशी मात्र सोबत नेली.

मग घसा आवळल्यासारखा झाला. मी खरंच घाबरले. छंदांचं तसंच टाकून मी म्हणाले, "मले श्वास घेता येऊन नाही राहिला."

मामा खिशात हात घालू लागले. तेवढ्यात मुलाचे वडील उठले. स्टेशनवरून ते भाड्याच्या जीपने आले होते. कुणाला काही न विचारता त्यांनी मला आणि आईला त्यात बसवलं आणि समता कॉलनीतल्या दवाखान्यात नेलं. मामा मागे लटकून आले.

तिथे डॉक्टरांनी आधी मांडीत इंजेक्शन दिलं, मग प्रश्न विचारले. नवीन कोणती दवा घेतली का म्हटल्यावर मामांनी अभिमानाने गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. डॉक्टरांनी ते परत दिलंच नाही. ही गोळी मी जन्मात पुन्हा घ्यायची नाही, असं त्यांनी बजावलं. नुसती खाज असेल तर ॲलर्जीची गोळी आणि गार पाण्याचं फडकं पुरतं, पण ओठ, जीभ सुजली किंवा श्वास अडला तर घरी बसून उपचार करायचे नाहीत, असं त्यांनी आईला सांगितलं. मामांनी तरीही वांग्याचं विचारलं. "बैंगन आराम से खिलाइए," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळपर्यंत मला तिथेच ठेवलं. मुलाचे वडील बाहेर बाकावर बसून होते. मुलगा आमच्या घरी होता; काकूकडून कळलं की त्याने पोहे दुसऱ्यांदा घेतले.

आठवड्याने मध्यस्थाकडून नकार आला. मुलगी नाजूक आहे म्हणे. आईने दोन दिवस तोंड पाडलं. मला हायसं वाटलं, पण ते बोलून दाखवण्याची घरात सोय नव्हती. मग एकदा मुलाच्या वडिलांचाच फोन आला. त्यांनी तब्येत विचारली, मग म्हणाले, "पोट्टा माहाच आहे, पण सांगतो पोरी, तू सुटली."

आई शेजारीच उभी होती. काय म्हणाले, तिने विचारलं. तब्येतीची चौकशी केली, मी सांगितलं.