पाठीवरचा हात

आमच्या डॉ. श्रीरंग राऊतांना माणसांचे चेहरे आठवत नाहीत, पाठी आठवतात. रस्त्यात कुणी नमस्कार केला की हे आपले शून्यात बघतात. मग मलाच कोपराने ढोसावं लागतं, ‘अहो, गेल्या वर्षीचे, डाव्या खांद्याचे!’ म्हटलं की लगेच चेहरा खुलतो. मी फ्लॉसी डाबरे, त्यांच्या विरारच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं नर्स आहे.

निर्मळ गावच्या बागायतदाराचा हा मुलगा. बरोबरीचे त्वचेचे डॉक्टर मुरमं आणि केसगळती बघून सुखात आहेत. ह्यांनी धरला त्वचेचा लिम्फोमा, कातडीत मुरणारा कॅन्सर. वर्षानुवर्षं तो गजकर्णासारखा, इसबासारखा दिसतो आणि बहुतेक वेळा ऊन लागत नाही तिथेच दडून बसतो. डॉक्टर पेशंटच्या अंगावर पारदर्शक प्लास्टिक धरतात आणि प्रत्येक चट्टा पेनने गिरवून घेतात. दर महिन्याला! त्यावरून त्यांनी चार शोधनिबंध लिहिलेत. त्या प्लास्टिकांची कपाटं मात्र मी आवरते.

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या द्वारकाबाई मेहेर सहा वर्षं गजकर्णाची मलमं चोळून आल्या. तीनदा कातडीचा तुकडा तपासून काही निघालं नाही. डॉक्टरांनी हट्टाने चौथ्यांदा पाठवला, तेव्हा निघालं. उपचार म्हणजे उजेड. माणूसभर उंचीचं कपाट, आत निळसर प्रकाशाच्या नळ्या. कपडे काढून, काळा चष्मा लावून आत उभं राहायचं. आठवड्यातून तीनदा. चार महिन्यांत सगळे चट्टे विरले, एक सोडून. कमरेच्या जरा वर, डावीकडे.

त्या चट्ट्याची चारही प्लास्टिकं डॉक्टरांनी ओळीने मांडली आणि मला हाक मारली. भर दुपार होती, तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पहिल्यावर नुसता डाग. दुसऱ्यावर तळवा. चौथ्यावर पाच बोटं, त्यातलं मधलं अर्धंच. मी क्रूसाची खूण केली.

त्याच आठवड्यात उजेडाचं कपाट पुसताना मला आत एक फडकं सापडलं. चौकड्याच्या शर्टाचा चौकोनी तुकडा, कडांना चिकटपट्टी. म्हणजे बाई उजेडात जाताना नेमकं तेवढंच झाकून घेत होत्या! मी दाराबाहेर, मला कळणार कसं? टाळकंच सटकलं माझं. ‘अहो बाई, आम्ही इथे जिवाचं रान करायचं आणि तुम्ही रोगाला पांघरूण घालता?’

द्वारकाबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तो माज्या मालकाचा हात हाय. आठ वर्सं झाली, गंगाराम दर्यात गेला तो मिळालाच नाय. बोटीवर चढायच्या आधी रोज इथं हात ठेवायचा. मधलं बोट अर्धं, दोरखंडात तुटलेलं. अजून जानवतो मला.’

आपली पाठ त्यांना दिसत नव्हती. घरी त्या एकट्या. प्लास्टिकं आम्ही दाखवली नव्हती. आणि फडकं तर चौकोनी, मग बोटं आली कुठून? डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, ‘माहीत नाही, फ्लॉसी.’ असं ते कधीच म्हणत नाहीत. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

‘द्वारकाबाई, हा हात जाड होतोय,’ डॉक्टर म्हणाले. ‘गाठ झाली की तो तुम्हालाच घेऊन जाईल.’

‘नेऊ दे.’

गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. नवऱ्याचे दिवससुद्धा घातले नव्हते. प्रेतच नाही, तर रडायचं कशावर?

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, ‘माझी पहिली पेशंट ह्याच रोगाने गेली. दोन वर्षं मी तिला इसबाचं मलम देत राहिलो.’

‘कोन होती?’

‘वसुंधरा. माझी थोरली बहीण.’

एकोणीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. द्वारकाबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पदर खोचून कपाटाकडे निघाल्या. त्या दिवसापासून फडकं नाही.

आधी करंगळी गेली. मग एकेक बोट. तळवा जायला तीन महिने लागले. त्या दिवशी डॉक्टरांनी जागा दाबून पाहिली. कातडी साफ होती.

‘काही जाणवतं?’

बाईंनी हात मागे नेऊन जागा चाचपली. ‘नाय,’ म्हणाल्या, आणि त्यांनी असा हंबरडा फोडला की माझ्या हातातला ट्रे पडला. आठ वर्षांचं रडणं होतं ते. डॉक्टरही भिंतीकडे तोंड करून रडत होते. बाहेर बसलेले पेशंट उठून दारात आले.

‘कोण गेलं?’ एकाने विचारलं.

मी म्हटलं, ‘त्यांचा नवरा.’