अकरा रशियन बशा

तुमच्या घरी तो आला असता, तर खाण्याआधी त्याने बशी डोळ्यांच्या वर धरून बुडाचा छाप वाचला असता. पोह्यांसकट. "खाली बघा, खाली. वर काय, फुलं कोणीही काढतो," असं म्हणायचा आणि शर्टावर सांडलेली शेव वेचून खायचा.

ओझरच्या विमान कारखान्यात आम्ही शेजारी-शेजारी कारकून होतो. तिथे रशियन तज्ज्ञ असायचे. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांचा देश मोडला आणि एकेक जण सामान आवरून निघाला. बाकीच्यांनी त्यांच्याकडून रेडिओ घेतले, दुर्बिणी घेतल्या. याने बशा घेतल्या. क्रांतीनंतरच्या पहिल्या वर्षांत प्रचारासाठी रंगवलेल्या. एकीवर लाल तारा, एकीवर विळा-हातोडा, एकीवर राजाचा मुकुट तुडवणारा सैनिक.

"यात कामगार जेवायचे?" मी विचारलं.

"छे रे! त्यांना कुठल्या परवडायला? साहेब लोक भिंतीवर लावायचे."

अकराव्या बशीसाठी त्याने बायकोची येवल्याची पैठणी एका रशियन बाईला देऊन टाकली. मग त्याच्या घरात खरोखरची क्रांती झाली. "एक तर त्या बशा, नाही तर मी," बायको म्हणाली. तो चार दिवस विचार करत होता, यावरून काय ते समजा. शेवटी गवत भरलेलं खोकं स्कूटरवर घालून तो गंगापूर रोडला माझ्याकडे आला. खोकं माझ्या माळ्यावर चढलं.

दर रविवारी तो भेटायला यायचा. मला नव्हे, बशांना. मी शिडी धरायची, माझ्या बायकोने चहा टाकायचा. तीन वर्षं. मला त्याचा वैताग आला होता, हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

तिसऱ्या वर्षी संक्रांतीला माझ्या बायकोचं हळदीकुंकू होतं आणि वाणासाठी सांगितलेल्या स्टीलच्या वाट्या आणायला मी साफ विसरलो. बायका यायला लागल्या. मी खोकं खाली काढलं.

"अहो, भावजींच्या ना या?"

"त्यानेच दिल्यात. नको झाल्यात त्याला."

इतकं धडधडीत खोटं मी कधी बोललो नव्हतो. फार सोपं गेलं.

रविवारी तो शिडीवर उभा राहून रिकाम्या माळ्याकडे बघत राहिला. मी खालून म्हणालो, "हिने वाण म्हणून लुटल्या रे. मला विचारलंसुद्धा नाही."

बायको स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"चुकलं माझं, भावजी."

तो अकरा घरं फिरला. पण संक्रांतीचं वाण परत कोण देतं? "सवाष्णीला दिलेलं मागताय? शोभतं का तुम्हाला?" हे अकरा वेळा ऐकून आला. मुकुट तुडवणारा सैनिक कुणाच्या तुळशीच्या कुंडीखाली होता, लाल ताऱ्यात मांजर दूध पीत होतं. पुढे दरवर्षी तो तिळगुळाच्या निमित्ताने सगळीकडे जाऊन यायचा. "प्रदर्शन बघून आलो," म्हणायचा. "समान वाटप झालं बघ. रशियाला नाही जमलं, वहिनींना जमलं."

तिच्याशी तो पूर्वीइतक्याच अदबीने बोलायचा. फक्त तिच्या हातात काही द्यायचा नाही. गावाकडची मेथीची जुडीसुद्धा माझ्याकडे.

निवृत्तीनंतर त्याची तब्येत उतरली. एका सकाळी रिक्षाने आला. टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक बशी होती. बारावी. नोकरीभर कारखान्यातल्या कपाटात लपवलेली, कुणालाच न दाखवलेली. तिच्यावर नांगर धरलेली एक बाई होती, निळ्या रंगात.

"माझ्यामागे घरचे फेकून देतील. तुझ्याकडे राहू दे. तुझ्यावर भरवसा आहे." मग आवाज उतरवून म्हणाला, "वहिनींपासून तेवढी जप."

बायको चहा घेऊन मागेच उभी होती.

"हो भावजी, ह्यांच्याच हातात द्या," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. मग बशी घेतली.

महिन्याभरात तो गेला.

बशी कपाटात आहे. बायको तिला हात लावत नाही. मी पुसायला काढतो तेव्हा येऊन दारात उभी राहते आणि मी ती परत आत ठेवेपर्यंत बघत असते.