कस्टमआप्पा

आप्पांवर मी लिहावं हे काही बरोबर नाही, हे मला ठाऊक आहे. तीस-तीस वर्षं त्यांच्याकडून गाड्या दुरुस्त करून घेतलेली माणसं बेळगावात अजून आहेत. माझी आणि त्यांची ओळख जेमतेम अडीच वर्षांची. शिवाय मला मोटारसायकल चालवता येत नाही. आमच्या घरात सहीपलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, तेव्हा कुठे अडखळलो तर समजून घ्या. पण ज्यांनी लिहायला हवं ते लिहीत नाहीत, आणि आप्पांच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती तरी मीच सांगायला हवी.

कुणाच्याही हातात परदेशी वस्तू दिसली की आप्पा तिची किंमत विचारत नसत. ते विचारत, "कस्टम किती बसलं?" एकदा एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी दुबईहून आणलेलं अत्तर त्यांच्या मनगटाला लावलं. आप्पांनी मनगट नाकाला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "वास झ्याक हाय. कस्टम किती बसलं?" मामा आधी दचकले, मग हळूच म्हणाले, "खिशातनं आणलंया हो." यावरूनच खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांना सगळे कस्टमआप्पा म्हणत. खरं नाव गॅरेजच्या पाटीवर होतं, पण पाटी वर्षानुवर्षांच्या धुराने इतकी काळी झाली होती की ते वाचायचं म्हटलं तर शिडी लागली असती.

त्यांच्या या प्रश्नाला कारण होतं. आप्पा फक्त जुन्या परदेशी मोटारसायकली दुरुस्त करत. काही ब्रिटिश, काही झेक. ज्या कारखान्यांनी त्या बनवल्या त्यांतले कितीतरी आता राहिलेले नाहीत, पण तिकडे काही म्हातारे दुकानदार अजून जुने सुटे भाग जपून विकतात. आप्पा त्यांच्याकडून भाग मागवत आणि भाग आला की कपाळाला हात लावत. भागाची किंमत दोन हजार असली तर दारात येईपर्यंत ती सहा-सात हजार झालेली असायची.

मी त्यांच्या गॅरेजसमोरच्या माडीवर दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहत होतो. गाव निपाणीजवळ, वडील तंबाखूच्या वखारीत कामाला. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो. एका सकाळी आप्पांनी खालून हाक मारली, "ए, निपाणी! कॉमर्स शिकतोस म्हणं? खाली ये जरा." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी निपाणीच झालो. त्यांनी माझ्या हातात कस्टमचं इंग्रजी बिल ठेवलं. मला त्यातलं काही कळलं नाही. तसं सांगायची लाज वाटली म्हणून "उद्या सांगतो" म्हणालो आणि ते कागद घेऊन आमच्या सरांकडे गेलो. सरांनी अर्धा तास देऊन समजावलं. दुसऱ्या दिवशी मी आप्पांना सांगितलं की आधी वस्तूची किंमत धरतात, तीत भाडं आणि विमा मिळवतात, त्या सगळ्यावर कस्टम, कस्टमवर आणखी अधिभार, आणि मग त्या सगळ्या बेरजेवर जीएसटी.

आप्पा हातातला पाना तसाच धरून ऐकत होते.

"म्हंजे कराच्या डोक्यावर कर?"

"व्हय आप्पा."

"आनि भाड्याच्या डोक्यावरबी कर?"

"व्हय."

"लई हुशार मानूस हाय रं ह्यो," आप्पा मनापासून म्हणाले. "ज्यानं काढलं त्याला एकदा भेटलं पायजे." त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. चांगलं काम बघितलं की ते असेच बोलत, मग ते काम कुणाचंही असो.

त्या बिलात एक गोष्ट मात्र त्यांना सहन झाली नाही. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याचा आकारही बघतात, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. चार बोटांएवढा भाग भल्यामोठ्या खोक्यात आला तर पैसे खोक्याचे. "हवेचं भाडं घेत्यात की!" आप्पा म्हणाले आणि गल्लीभर सांगत फिरले. मग त्यांनी माझ्याकडून तिकडच्या एका झेक दुकानदाराला इंग्रजीत पत्र लिहून घेतलं: कृपया खोकं नको, वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवा. माझ्या आयुष्यातलं परदेशी पाठवलेलं ते पहिलं पत्र. शब्दकोश घेऊन ते मी चारदा लिहिलं. दुकानदाराने ऐकलं. तेव्हापासून भाग वर्तमानपत्रात येऊ लागले आणि आप्पा ती वर्तमानपत्रं सरळ करून भिंतीवर चिकटवू लागले. गिऱ्हाइकं विचारायची, "आप्पा, काय लिहिलंय ह्याच्यात?" आप्पा तोंडातलं पान एका गालात सरकवून गंभीरपणे सांगत, "तिकडंबी रस्त्याचं काम अर्धंच पडलंय म्हनत्यात." ती भाषा त्यांना येत नव्हती आणि मलाही. पण गिऱ्हाइकांना बरं वाटायचं.

आलेला भाग ते कधी लगेच बसवत नसत. आधी हात धुऊन, कोरडे करून तो व्हर्नियरने मोजत, वहीत त्याचं चित्र काढत आणि मगच गाडीकडे जात. कुणी घाई केली की म्हणत, "एवढ्या लांबनं आलाय, त्याची इचारपूस तर करू दे." मोजून झाला की उद्यमबागेतल्या बसप्पांकडे वही घेऊन जायचे. बसप्पा लेथवाले, यंत्रावर पोलाद कातून सुटे भाग करणारे, बोलणं सगळं कन्नडमध्ये. आप्पा मराठीत बोलायचे, बसप्पा कन्नडमध्ये, आणि दोघांत कधी गैरसमज झालेला मी पाहिला नाही. "माडोण, आप्पा," बसप्पा म्हणायचे, म्हणजे करूया. एक भाग परदेशातून आला की दोन बेळगावात तयार व्हायचे, पुढच्या गिऱ्हाइकासाठी. अशा रीतीने आप्पांनी कितीतरी माणसांचं कस्टम वाचवलं.

आता मास्तरांचं सांगतो. मास्तर म्हणजे एक निवृत्त शिक्षक, वय पंचाहत्तरच्या पुढे, पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट. तरुणपणी त्यांनी कॅम्पातल्या एका लष्करी साहेबाकडून झेक बनावटीची मोटारसायकल विकत घेतली होती. तिच्या इंजिनातला कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, सात वर्षांपूर्वी मोडला आणि गाडी आप्पांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहिली. दांड्याचे इतके तुकडे झाले होते की माप घ्यायला काही उरलं नव्हतं. आप्पांनी अंदाजाने दोनदा करवून बघितला, दोन्ही वेळा वाकला. नवा कुठेच मिळत नव्हता. मास्तर दर गुरुवारी यायचे, गाडीवर नुसते बसायचे, चहा घ्यायचे आणि जायचे.

मी शेवटच्या वर्षाला असताना, फेब्रुवारीत, मास्तर आले ते गाडीवर बसले नाहीत. म्हणाले, "आप्पा, मुलगा ऐकत नाही. जूनअखेर पुण्याला जायचं, कायमचं. घरही विकलं. तो म्हणतो, गाडी भंगारात द्या."

आप्पांनी गाडीच्या टाकीवरची धूळ फडक्याने पुसली. मग म्हणाले, "मास्तर, जायच्या आधी ह्याच गाडीवरनं तुम्ही गावाबाहेर जाऊन येनार. भंगाराचं नंतर बघू."

त्याच आठवड्यात मला इंटरनेटवर तो दांडा सापडला. तिकडच्या एका दुकानदाराकडे एकच शिल्लक होता. मी ऑर्डर भरायला बसलो, आप्पा मागे उभे. नाव झालं, रस्ता झाला, बेळगाव झालं. मग राज्य. आप्पा कधीच कुठल्या कागदावर राज्य लिहीत नसत. त्यांच्या वडिलांचीही तीच सवय होती. नुसतं बेळगाव लिहायचे आणि टपाल बरोबर यायचं. आमच्या भागातल्या लोकांना हे सांगायला नको. पण तो रकाना रिकामा सोडता येत नव्हता. मी विचारलं, "आप्पा, राज्य काय घालू?"

आप्पा हसले. "आमच्या वडलांना इचारलं असतंस तर त्येंनी एकच सांगितलं असतं," असं म्हणाले आणि गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर गेले. मी त्यांना आवडेल म्हणून महाराष्ट्र निवडलं आणि पैसे भरले.

तीन आठवड्यांनी निरोप आला की पार्सल मुंबईत अडकलं आहे. ओळखपत्रावरचा पत्ता आणि पार्सलवरचा पत्ता जुळत नाही. आप्पांच्या आधारकार्डावर अर्थातच कर्नाटक होतं. मी खुलासा पाठवला, त्यांनी आणखी एक कागद मागितला. तो पाठवला, तर आणखी एक. तोवर पार्सल ठेवल्याचं रोजचं भाडं चढत होतं. अडीच हजारांचा दांडा नऊ हजारांच्या पुढे गेला. रात्री मला झोप येईना. शेवटी एका दुपारी मी आप्पांसमोर उभा राहिलो आणि राज्याच्या रकान्याचं सगळं सांगून टाकलं.

आप्पांनी पाना खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं.

"आरं, एवढ्या मोर्च्यांनी झालं न्हाय, कोर्टात न्हाय झालं, आनि तू एका बोटानं बेळगाव म्हाराष्ट्रात घालून मोकळा झालास? आनि मला सांगिटलंबी न्हाईस?"

मास्तर तिथेच होते. तेही हसू लागले, पण त्यांचं हसू लवकर थांबलं. त्यांनी कोपऱ्यातल्या गाडीकडे एकदा पाहिलं. ते पाहणं मी विसरलेलो नाही.

कागद काही पुरे पडले नाहीत आणि पार्सल परत गेलं. मी दुकानदाराला ई-मेलने माफीचं पत्र लिहिलं. त्यात सगळं खरं लिहिलं: मास्तरांची सात वर्षं, जूनअखेर, माझी चूक. उत्तराची अपेक्षा नव्हती. दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं, मोडक्या इंग्रजीत, माझ्याहून मोडक्या. त्यांनी लिहिलं होतं की दांडा परत मिळाला. पुन्हा पाठवला तर पुन्हा तेवढाच खर्च येईल आणि वेळही पुरणार नाही. तुमच्या गावात लेथ आहे का? सोबत आठ फोटो होते. आलेखाच्या कागदावर दांडा ठेवून सगळ्या बाजूंनी काढलेले, प्रत्येक माप पेन्सिलने शेजारी लिहिलेलं, पोलाद कुठल्या जातीचं तेही.

आप्पांनी ते फोटो छापून आणायला लावले. कागद हातात घेऊन बराच वेळ बघितले. "मोजलंय बघ कसं! आपला मानूस हाय ह्यो," ते म्हणाले, आणि मग एकदम ओरडले, "निपाणी! कागदाला कस्टम न्हाय रं!"

त्याच दुपारी आम्ही उद्यमबागेत गेलो. बसप्पांनी चष्मा लावून आठही कागद बघितले आणि मान डोलावली. पोलादाचा ठोकळा आणून तो कातायचा, मग भट्टीत तापवून पोलादाला पाणी द्यायचं. पाणी देण्यात चूक झाली की दांडा एकतर वाकतो किंवा काचेसारखा तुटतो. पहिला तुटला. बसप्पांनी पैसे घेतले नाहीत, दुसरा करायला घेतला. तेवढ्यात माझी परीक्षा झाली आणि बंगळूरच्या एका ऑफिसात नोकरी लागली. जूनच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं होतं. मी निघालो त्या दिवशी दुसरा दांडा भट्टीतून आला होता, पण इंजिन उघडंच होतं.

आप्पा मला बसस्टँडवर सोडायला आले. माझी बॅग त्यांनी स्वतः वर ठेवली. मी म्हणालो, "आप्पा, माझ्यामुळं..." त्यांनी पुढे बोलू दिलं नाही. "बंगळूरात पत्ता लिवताना नीट बघून लिव," म्हणाले, आणि पाठीवर थाप मारली. शर्टावर पाच काळी बोटं उमटली.

तिथून मी दोनदा फोन केला. आप्पांना फोनवर बोलायला आवडत नसे. "बघूया," एवढंच म्हणायचे, मागे हातोडीचा आवाज, आणि ठेवून द्यायचे. तिसऱ्यांदा फोन करायचा मला धीर झाला नाही. जूनचे दिवस संपत आले. दांडा तुटला असेल, मास्तर तसेच गेले असतील आणि आप्पा मला सांगत नसतील, असंच मी धरून चाललो. ऑफिसात कुठलाही फॉर्म भरताना पत्त्यातल्या राज्यापाशी आलो की माझा हात थांबायचा.

मग एका रविवारी दुपारी वडिलांचा फोन आला. ते सहसा स्वतःहून करत नाहीत.

"आज कोन आलतं दारात, वळख बघू," ते म्हणाले.

"कोण?"

"बेळगावास्नं दोन म्हातारी मानसं, फटफटीवरनं. टोपीवालं चालवत हुतं, दुसरं मागं बसल्यालं. वंटमुरीचा घाट एका दमात चढली म्हनत हुतं. मला म्हनत्यात, तुमच्या पोरामुळं ही गाडी चालू झाली, म्हनून दाखवाय आलोय. मी म्हटलं, आमच्या पोराला सायकलबी धड येत न्हाय, तुम्ही घर चुकलासा."

मी विचारलं, "मग?"

"मग त्येंनी तुझं नाव घेटलं, कॉलेज सांगिटलं. तुझ्या आईनं भाकरी घातली, जेवली दोघं. आनि जाताना त्या टोपीवाल्यानं मला मागं बसवलं आनि वखारीपतूर न्हेऊन आनलं. सगळी मानसं काम सोडून भाईर आली बघाय. मी सांगिटलं सगळ्यास्नी, माझ्या पोरानं चालू केलीया."

"आबा, मी नाही हो केली. बसप्पांनी, आप्पांनी..."

पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. शेजारी कुणीतरी आलं होतं. फोन तसाच चालू ठेवून वडील त्याला पहिल्यापासून सांगू लागले, की आज बेळगावास्नं दोन म्हातारी मानसं आलती, फटफटीवरनं. मी फोन कानाला धरून ते सगळं पुन्हा ऐकलं.