भिंतीवर न लागलेला फोटो

३ फेब्रुवारी २०२५ रोजी आमच्या डीमनच्या रहिवासी मंडळाच्या खात्यात गेमेन्टेकडून, म्हणजे इथल्या डच नगरपालिकेकडून, १,८५० युरो जमा झाले. चार मेच्या, महायुद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनाला ‘आपला युरोप, आपल्या आठवणी’ असं प्रदर्शन भरवायचं होतं. मी खजिनदार. काम मात्र नीलिमाने केलं.

नीलिमा मूळची साताऱ्याकडची, नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेली. आता स्वतःचं केटरिंग चालवते. वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे सायकलने जाऊन तिने आठवणी लिहून घेतल्या. सगळ्यात जास्त वेळ दिला तो शेजारच्या पोलिश हालिनाला. हालिनाचा भाऊ कम्युनिस्ट राजवटीत सीमा ओलांडून पश्चिमेला गेला, तो पुढे वीस वर्षं घरच्यांना भेटला नाही. “इथले लोक आम्हाला उशिरा आलेले पाहुणे समजतात,” हालिना म्हणायची. “तू तरी ऐकतेस.”

नीलिमाची एकच मागणी होती. तिचे आजोबा, शिपाई ज्ञानू शेडगे, मराठा पलटणीतून लढताना १९४४ साली इटलीत पडले. तिथेच त्यांची कबर आहे. तिची तेरा वर्षांची अवनी दर चार मेला शाळेच्या मुलांबरोबर दोन मिनिटं गप्प उभी राहते आणि घरी येऊन विचारते, “आपलं यात कोण?” म्हणून आजोबांचा फोटो लागावा आणि अवनीने त्यांचं नाव वाचावं. हालिना प्रदर्शनाच्या समितीवर होती. तिने शब्द दिला होता.

चार मेला संध्याकाळी नीलिमा बटाटेवड्यांचे ट्रे घेऊन आली. भिंतीवर फोटो नव्हता.

“हालिना, आमचे आजोबा?”

“आत, खुर्च्यांपाशी ठेवलेत. जागा कमी पडली. शिवाय विषय युरोपचा आहे ना.”

“ते ऐंशी वर्षं युरोपातच आहेत.”

“पण ते इंग्रजांसाठी लढले, नीलिमा. तुमची आठवण वेगळी. तू समजून घेशील असं वाटलं.”

“समितीत हा मुद्दा काढला कुणी?”

“मी.”

मी मध्ये बोललो, की फोटो अजूनही लावता येईल. कुणी उठलं नाही.

अवनीने डचमध्ये विचारलं, “आई, मग मी नाव कुणाचं वाचू?”

नीलिमाने फोटो ओढणीत गुंडाळला आणि आठ वाजता सगळे दोन मिनिटं उभे राहतात त्याच्या आत लेकीला घेऊन निघून गेली. हालिनाच्या भावाची गोष्ट भिंतीवर होती, नीलिमाच्याच शब्दांत. लोकांनी ती वाचली. वडे सगळे संपले.

वड्यांच्या सामानाचे अडतीस युरो मंडळाकडून तिला अजून यायचे आहेत.